एका दौऱ्याची वही



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या युनियनच्या कचेरीत हिंजवडीच्या एका संगणक कंपनीतला तरुण आला होता. नोकरी गेल्याची तक्रार घेऊन आला होता. कागद तयार होईपर्यंत तो बाकावर बसून हातातल्या फोनवर काही वाचत होता. मी सहज विचारले तेव्हा त्याने एक यादी दाखविली. तारीख, गाव, सभागृह, त्या रात्री म्हटलेल्या गाण्यांचा क्रम आणि प्रत्येक गाणे किती मिनिटे चालले ते.

ही यादी होती 'ग्रेटफुल डेड' नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाच्या युरोपच्या दौऱ्याची. १९७२ सालच्या ७ एप्रिलला लंडनच्या वेम्बली भागात पहिला जलसा आणि २६ मेला लंडनमध्येच शेवटचा. एकूण जलसे बावीस. ह्या मंडळींचे वैशिष्ट्य असे, की त्यांचे गाणे ठरीव नसे. मुखडा तोच, पण मधली वाट त्या रात्री सापडेल ती. म्हणून त्यांचे चाहते एकच जलसा ऐकून तृप्त होत नसत, गावोगाव मागे फिरत. ध्वनिमुद्रण करून घेण्यास वाद्यवृंदाची आडकाठी नव्हती. १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी जलशात निराळी जागाच राखून ठेवीत. २०११ साली ते बावीसही जलसे ७३ तबकड्यांच्या संचात बाहेर पडले. त्यांचा प्रमुख वादक जेरी गार्सिया १९९५ मध्येच वारला होता. तरी आज पन्नास वर्षांनी लोक त्या दौऱ्याची एकेक रात्र ऐकतात आणि पॅरिसची बरी की कोपनहेगनची, ह्यावर भांडतात.

१९७२ साली आमच्याकडे लोक दुष्काळी कामावर खडी फोडीत होते, हे त्या मुलाला सांगण्याचा मोह मी आवरला. तो मुलगा जन्मला तेव्हा तो वाद्यवृंद मोडलेला होता. मग त्याच्या आवडीला नावे ठेवणारा मी कोण? माझ्याही जन्माच्या आधी गेलेल्या माणसांवर मी जीव टाकतोच की. तेवढ्यात त्याने विचारले, "काका, आपल्याकडं असं कुणाचं आहे का?"

मी छाती काढून म्हणालो, "आहे तर! अमर शेख. अण्णा भाऊ साठे. गव्हाणकर."

तो म्हणाला, "मग त्यांची यादी दाखवा ना."

यादी नव्हती. आजचे माझे बोलणे त्या नसलेल्या यादीविषयी आहे.

ज्यांना ही नावे केवळ चौकांच्या पाट्यांवरून ठाऊक असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमर शेख मूळचे बार्शीचे, १९१६ चा जन्म, खरे नाव महबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर आणि गिरणीत कामगार. अण्णा भाऊ वाळवे तालुक्यातील वाटेगावचे, १९२० चा जन्म, मातंग समाजातले. गाव सोडून मुंबईच्या गिरणगावात आले. ह्या दोघांनी आणि द. ना. गव्हाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. १९४८ नंतर साम्यवादी पक्षावर सरकारी वरवंटा फिरला आणि कलापथकाच्या खेळांवर बंदी आली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे सारे आवाज पुन्हा एका रणात उतरले. ६ फेब्रुवारी १९५६ ला ह्याच पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यानंतर १ मे १९६० पर्यंत समितीच्या सभेला शाहीर नाही असे क्वचितच घडले असेल. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले.

आता ह्यांचे गाणे ठरीव होते का? छापील पुस्तके उघडली तर तसे वाटते. पण तमाशाचा सांगाडा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगावयास नको, की बतावणी ही लिहिण्याची वस्तूच नव्हे. अण्णा भाऊंनी गणातून गणपतीला उठवून तेथे मायभूमीला आणि श्रमिकाला बसविले, गवळण गाळली. परंतु हजरजबाबीपणा ठेवला. गावात पोचल्यावर तेथला तलाठी कसा, सावकार कोण, ज्वारीचा भाव काय, ही चौकशी आधी होई, आणि रात्री ते सारे सोंगाड्याच्या तोंडून बाहेर पडे. पोवाड्याचा एखादा चौक लोकांनी उचलून धरला, की डफ थांबत नसे. झीलकरी तीच ओळ पुन:पुन्हा घोळवीत आणि शाहीर तेवढ्यात पुढचे जुळवून घेई. उलट, कोपऱ्यात पोलीस बसलेला दिसला की काही चौक गाळले जात. खेळाची संहिता आधी मागून घेण्याचा सरकारचा अधिकार १८७६ च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्यापासूनचा. म्हणजे सरकारदरबारी जो कागद जाणार, तो सरकारला दाखविण्याजोगा! अशा कागदावर विसंबून त्या रात्री काय गायले गेले हे ठरविणे, म्हणजे मालकाच्या हजेरीपटावरून संपाचा इतिहास लिहिणे होय.

येथे मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. मी विशीत असताना एका युनियनच्या कचेरीत पडेल ते काम करीत असे. जागा बदलावयाची ठरली. माळ्यावर जुनी बाडे होती. सभांची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, खर्चाच्या वह्या. त्या वह्यांत कंदिलाचे भाडे, एस. टी.चे तिकीट, भजी-चहा, डफाचे कातडे अशा नोंदी असत, एवढे मला आठवते, कारण डफाचे कातडे वाचून मी हसलो होतो. ती सर्व बाडे मी स्वत: खाली उतरवून रद्दीवाल्याच्या तागडीत घातली. कोणी सांगितले नव्हते. जागा मोकळी झाली म्हणून मला शाबासकीही मिळाली. आज त्या संगणकवाल्या मुलाने मागितलेली यादी कोठे असेल, तर त्या तागडीत होती.

माझ्या अपराधाने सारे झाकले जात नाही, हेही खरे. ह्याच पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालविला. त्यांचेही गाणे ठरीव नव्हे. एकच राग दहा रात्री दहा तऱ्हांनी मांडला जाई. पण त्यांच्या श्रोत्यांपैकी काहींच्या घरी फिरकीचे ध्वनिमुद्रक यंत्र आले होते, पुढे कॅसेट आली, आणि आज पुण्यातल्या कित्येक कपाटांत जुन्या मैफली नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या आहेत. त्यांनी ठेवले हे फार चांगले केले. पण शाहिराचा श्रोता विड्या वळणारा, हमाली करणारा, राजाबहादूर मिलमध्ये साच्यावर उभा राहणारा. त्याच्या घरात घड्याळ नव्हते, तेथे यंत्र कोठले? अमर शेखांचा आवाज तबकडीवर मुळीच उतरला नाही असे नाही; परंतु मैदानात हजारो माणसांनी झील धरली असताना जो आवाज होता, तो मी ऐकलेल्या एकाही तबकडीत नाही.

कोणी म्हणेल, तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा कोठे कोणी यंत्रावर धरला होता? तो राहिलाच ना! खरे आहे. १८९१ साली अ‍ॅक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी ऐतिहासिक पोवाडे छापले, ते गोंधळ्यांच्या तोंडून मिळवून, पुढे य. न. केळकरांनी जन्मभर तेच काम केले. पण गोंधळ्याला पोवाडा हा पोटाचा धंदा होता, बाप लेकाला शिकवीत होता. आमच्या गिरणी कामगाराने लेकाला सांगितले, तू शीक आणि ह्या साच्यापासून लांब जा. लेक शिकला, लांब गेला, आणि बापाचे गाणे बापाजवळच राहिले.

म्हणून आम्ही एक वही घातली. आम्ही म्हणजे मी, तो संगणकवाला मुलगा आणि चार निवृत्त कामगार. ज्यांनी त्या दौऱ्यांतला एखादा तरी कार्यक्रम ऐकला आहे अशी माणसे शोधावयाची, आणि कोठे, केव्हा, काय, एवढे लिहून घ्यावयाचे. आता ही माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. पहिल्या महिन्यात मला वाटले, ह्यांतून काही निघणार नाही. तारीख कोणालाच आठवत नाही. मग एका आजींनी आम्हाला रीत शिकविली. त्या भवानी पेठेत विड्या वळीत असत. त्या म्हणाल्या, "साल काय विचारतोस? पानशेताच्या आधी का नंतर, ते विचार."

तेव्हापासून वहीत सालाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराआधी की नंतर? ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? पगाराच्या आदल्या दिवशी की नंतरच्या? हा शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. पगाराआधी पथकाच्या झोळीत पैसा पडत नसे, आणि झोळी जड झाली की हलकी राहिली, हे म्हाताऱ्यांना पक्के आठवते. पानशेताने दुसरीही एक गोष्ट केली. नदीकाठच्या पेठांतून ट्रंकाच्या ट्रंका वाहून गेल्या. "होतं की हँडबिल," म्हणून माणूस उत्साहाने सांगू लागतो आणि मध्येच थांबतो.

ठिकाणांवरून तर भांडणे आहेत. एक बाबा शपथेवर सांगतात की अमर शेखांना त्यांनी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात ऐकले, आणि ध्वनिक्षेपक बंद पडला तरी आवाज पार फुटक्या बुरुजापर्यंत गेला. त्यांचाच साच्यावरचा जोडीदार म्हणतो, ध्वनिक्षेपक बंद पडला ती सभा निराळी आणि मैदानही निराळे. दोघांचे पंचवीस वर्षे एका पाळीत गेले, पण ह्या मुद्द्यावर ते एकमेकांना खोटे म्हणतात. आरंभी मी न्यायनिवाडा करावयास जात असे. आता दोन्ही नोंदी समोरासमोर लिहितो. अमेरिकेत यंत्र असल्यामुळे भांडण चवीपुरतेच उरते. आमच्याकडे घटना कोणती, ह्यापासूनच भांडण आहे.

ह्या भांडणांतून जे हाती आले त्यांतले सर्वांत मोलाचे मला पुण्याबाहेर मिळाले. 'माझी मैना' ही अण्णा भाऊंची छक्कड तुम्ही सर्वांनी ऐकलेली आहे. मुंबईस पोटासाठी आलेल्या माणसाची गावी राहिलेली बायको, आणि तिच्या विरहातून खंडित महाराष्ट्राचे दु:ख. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव, गोवा. पुण्याचे म्हातारे ही छक्कड म्हणताना शेवटाकडे आवाज चढवितात, जणू लढाई जिंकलेली आहे. त्यांच्या दृष्टीने ती १ मे १९६० ला जिंकलीच. एका कामासाठी निपाणीस गेलो असता तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेल्या एका वृद्ध बाईंना मी ती म्हणावयास सांगितली. त्यांनी गावांची नावे संपविली आणि पुन्हा पहिल्यापासून नावेच घेऊ लागल्या. गोवा मात्र गाळला. मी म्हटले, "आजी, पुढचं?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडं इतकंच म्हणत्यात."

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, म्हणून तो यादीतून गेला. निपाणी राहिली, म्हणून गाणे पुढे सरकत नाही. ही गाळणी शाहिराने केली की ऐकणाऱ्यांनी, हे मी सांगू शकत नाही. पण छापील पुस्तक हाती धरून त्या बाईंना "चुकलात" म्हणणे मला साधले नाही. पूर्वीचा मी ते म्हणालो असतो. वहीत त्यांची छक्कड त्यांच्याच क्रमाने लिहिली आहे.

वही आता अर्धी भरली आहे. तिच्यात कागदाचा पुरावा म्हणावा असा एकच. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाला देवघराच्या फळीखाली घातलेले एक हस्तपत्रक सापडले. वर 'शाहीर अमर शेख' हे नाव, खाली मार्चमधली तारीख आणि वार, तिकिटाचा दर चार आणे. साल नाही. छापणाऱ्याला काय माहीत, की साल विचारणारे लोक पुढे जन्माला येणार आहेत! मुलाने फोनवर हिशेब केला. तारीख आणि वार जुळणारी साले १९४६, १९५७, १९६३ आणि १९६८. १९४६ मध्ये पथक लाल बावट्याच्या नावाने फिरे, पत्रकावर ते नाव नाही. ते साल सोडून दिले. राहिली तीन. मी म्हटले, नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला सुरू झाले. दर आण्यांत आहे, तेव्हा साल १९५७ च, नव्या पैशांच्या तोंडावरचे. मुलालाही ते पटले. तो पेनाने लिहिणार, तेवढ्यात भवानी पेठेच्या आजी म्हणाल्या, "त्रेसष्टला काय आम्ही पंचवीस पैसे म्हणत होतो? चार आणेच म्हणत होतो, आन् छापणारा बी चार आणेच छापायचा."

तो रकाना अजून पेन्सिलीनेच भरलेला आहे.