उष्णता उतरते की खर्च होते?

‘उष्णता म्हणजे काय?’ असे वर्गात विचारले, की ‘गरम वस्तूत असते ती’ हे उत्तर हमखास येते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ऊष्मागतिकी शिकू लागलेला विद्यार्थीही प्रथम इथेच अडखळतो. पुस्तक सांगते, की वस्तूत असते ती आंतरिक ऊर्जा. तापमानातील फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणाऱ्या ऊर्जेला उष्णता म्हणायचे. त्याला हा शब्दांचा खेळ वाटतो. पण हा भेद स्पष्ट व्हायला शास्त्रज्ञांनाही जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती वाट पाहिली, तर भेदाची गरज का पडली ते कळते.

१७६०च्या सुमारास ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले, की वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिले तरी त्याचे तापमान वाढत नाही. म्हणजे उष्णता आणि तापमान या निराळ्या गोष्टी झाल्या. मग उष्णता म्हणजे काय? ‘कॅलॉरिक’ नावाचा अदृश्य, वजनरहित द्रव, असे उत्तर त्या काळी मान्य होते. लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये मूलद्रव्यांच्या यादीत कॅलॉरिकलाही स्थान दिले. ही कल्पना भोळी नव्हती. गरम आणि थंड पाणी मिसळले, तर एकाने गमावलेली उष्णता दुसऱ्याने मिळवलेल्या उष्णतेइतकी असते. शाळेत आपण सोडवतो ती ही उदाहरणे कॅलॉरिक मानूनही बरोबर सुटतात.

अडचण आली ती घर्षणापाशी. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोके पाडताना धातू फार तापतो, हे काउंट रम्फर्ड यांनी पाहिले. त्यांनी बोथट हत्यार लावून, घोड्यांच्या बळावर नळकांडे फिरवून, भोवतीचे पाणी अडीच तासांत उकळवून दाखवले. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता निघतच राहते. जी कधी संपत नाही ती वस्तू द्रव कशी असेल, असा त्यांचा १७९८ मधील सवाल होता. तरीही कॅलॉरिक आणखी सुमारे ५० वर्षे टिकून राहिला.

त्याच कॅलॉरिकच्या आधारावर १८२४ मध्ये सादी कार्नो या २८ वर्षांच्या फ्रेंच अभियंत्याने एक छोटे पुस्तक लिहिले. वाफेच्या यंत्राकडून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल? वाफेऐवजी दुसरा वायू वापरला तर जास्त मिळेल का? कार्नो यांनी पाणचक्कीची उपमा घेतली. पाणी उंचावरून खाली येताना चाक फिरवते, पण पाणी स्वतः नाहीसे होत नाही. तशीच उष्णता भट्टीच्या उच्च तापमानावरून शीतकाच्या कमी तापमानावर उतरते आणि उतरताना काम देते. नुसती भट्टी असून भागत नाही. थंड बाजूही लागते. आदर्श यंत्राची मर्यादा केवळ या दोन तापमानांवर ठरते. वाफ की हवा, याला महत्त्व नाही.

इकडे मँचेस्टरला जेम्स जूल यांनी उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून पाण्याच्या तापमानातील वाढ मोजली. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड काम लागते, असा आकडा त्यांनी १८५० मध्ये दिला. आजचा आकडा सुमारे ७७८ आहे. कामाची उष्णता होत असेल, तर उष्णतेचे काम होताना ती खर्च झालीच पाहिजे.

आता पेच पडला. कार्नो म्हणतात, उष्णता उतरते, पण घटत नाही. जूल म्हणतात, ती खर्च होते. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत जूल यांचे म्हणणे ऐकून विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, विचारात पडले. दोघांचेही म्हणणे त्यांना टाकवेना.

तोड काढली ती रुडॉल्फ क्लॉसियस यांनी, १८५० मध्ये. समजा, यंत्राने भट्टीतून उष्णतेचे १०० भाग घेतले. त्यांतील ४० भाग खर्च होऊन त्यांचे काम झाले आणि उरलेले ६० भाग शीतकात उतरले. ४० अधिक ६० म्हणजे १००, हा पहिला नियम. यात जूल बरोबर. ते ६० भाग शून्यावर आणता येत नाहीत, हा दुसरा नियम; यात कार्नो बरोबर. उष्णता काही अंशी खर्च होते आणि काही अंशी उतरते.

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचे शीतकरण मनोरे याच दुसऱ्या नियमाची साक्ष देतात. वाफ ५४० अंश सेल्सियसला आणि शीतक ३० अंशांना, म्हणजे ८१३ आणि ३०३ केल्विनला मानले, तर आदर्श यंत्रही सुमारे ६३ टक्क्यांपुढे जाणार नाही. कोळशावरील प्रत्यक्ष केंद्रे साधारण ३५ ते ४० टक्क्यांवर असतात. त्यांतील फरक कमी करणे अभियंत्याच्या हाती आहे. ६३ची मर्यादा ओलांडणे नाही.

कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्याने वारले. त्यांची टिपणे १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले, की उष्णता ही गतीच आहे असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. कॅलॉरिक त्यांनीही सोडला होता.

म्हणून ‘गरम वस्तूत उष्णता असते’ असे उत्तर आले, की ते लगेच खोडू नये, असे आम्हाला वाटते. तो विद्यार्थी लाव्हाझिए यांच्यासोबत उभा आहे. त्याला तळहात एकमेकांवर घासायला सांगावे आणि विचारावे, ‘ही उष्णता आधी कुठे होती?’ आंतरिक ऊर्जेची व्याख्या त्यानंतर सांगावी.