प्री-एक्लॅम्प्सियानंतर दुसरे गरोदरपण: निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

पहिल्या गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सिया हा विकार झालेल्या स्त्रीने पुन्हा आई होण्याचा विचार करावा की नाही, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. अशा बहुसंख्य स्त्रियांना पुढच्या खेपेस हा विकार पुन्हा होत नाही. मात्र ज्यांना होतो, त्यांच्यापैकी काहींच्या आणि त्यांच्या बाळांच्या जिवावर बेतू शकते. एखाद्या स्त्रीला धोका किती, हे ठरविताना डॉक्टरांना दोन गोष्टींचा सर्वाधिक उपयोग होतो. पहिली, आधीच्या बाळंतपणाची नोंद आणि दुसरी, त्यानंतरच्या तीन महिन्यांतील तपासण्या. नेमक्या याच दोन गोष्टींकडे अनेक घरांत दुर्लक्ष होते.

तंजावरच्या छत्रांतील तीन महिने

बाळंतपणानंतरचे तीन महिने महत्त्वाचे मानण्याची एक जुनी नोंद तमिळनाडूतील तंजावर येथे सापडते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले तेथील मराठी राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ग्रंथसंग्रह आणि वैद्यकाच्या आवडीसाठी प्रसिद्ध आहेत. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजघराण्याने छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधल्या होत्या. या छत्रांचे उत्पन्न टिकावे म्हणून सरफोजीराजांनी १८०१ मध्ये कंपनी सरकारच्या रेसिडेंटला पत्र लिहून तेथील व्यवस्थेचे वर्णन केले. गर्भवती प्रवासी स्त्री छत्रात बाळंत झाल्यास तिचा खर्च व औषधे छत्राकडून दिली जात आणि तिला तीन महिने तेथे राहण्याची मुभा असे, असे त्या पत्रात नमूद आहे.

ही व्यवस्था कोणत्याही एका विकारासाठी नव्हती. परंतु आजचे वैद्यकशास्त्रही प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीच्या बाबतीत जवळपास तेवढ्याच काळाकडे, प्रसूतीनंतरच्या बारा आठवड्यांकडे, लक्ष वेधते. आज तंजावरमध्ये वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले राजा मिरासदार रुग्णालय हे स्त्रिया व बालकांच्या उपचारांचे प्रमुख सरकारी केंद्र आहे.

विकाराचे स्वरूप

गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, अथवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, रक्तबिंबिका किंवा गर्भाची वाढ यांवर परिणाम होणे, याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. रक्तदाब १६०/११० च्या पुढे गेल्यास तो तातडीचा प्रसंग मानला जातो. विकार बळावून आकडी आली, तर त्यास एक्लॅम्प्सिया असे नाव आहे. या विकाराचे मूळ वारेच्या सदोष रुजण्यात आहे. गर्भाशयातील रक्तवाहिन्या पुरेशा रुंद न झाल्याने वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून मातेच्या रक्तात उतरणारे घटक तिच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. बाळ आणि वार बाहेर येणे हाच त्यावरील मूळ उपाय होय.

आकडीवरील उपचारांच्या इतिहासात दक्षिण भारत व महाराष्ट्र या दोहोंचा वाटा आहे. मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली गुंगीच्या औषधांची मिश्र पद्धत भारतात बराच काळ प्रचलित होती. पुढे मॅग्नेशियम सल्फेट हे औषध अधिक प्रभावी असल्याचे सिद्ध झाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार स्त्रियांचा समावेश असलेल्या 'मॅगपाय' या आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधामुळे आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाची कमी मात्रेची पद्धत मांडली.

पुन्हा होण्याची शक्यता किती?

स्वीडनमधील साडेसात लाखांहून अधिक मातांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या खेपेस प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांना दुसऱ्या खेपेस तो पुन्हा झाला. सलग दोन गरोदरपणांत झाला असल्यास तिसऱ्या वेळी हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. पहिले गरोदरपण सुरळीत गेलेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या वेळी ते जेमतेम १ टक्का होते.

यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे पहिली प्रसूती कितव्या आठवड्यात करावी लागली. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सर्वसाधारणपणे सहापैकी एका स्त्रीस हा विकार पुन्हा होतो. विकारामुळे ३४ ते ३७ आठवड्यांदरम्यान प्रसूती करावी लागली असल्यास चारपैकी एकीस, तर २८ ते ३४ आठवड्यांदरम्यान करावी लागली असल्यास तिघींपैकी एकीस तो पुन्हा होण्याची शक्यता असते. हे आकडे पाश्चात्त्य स्त्रियांच्या नोंदींवर बेतलेले असल्याने आपल्याकडे त्यांचा उपयोग अचूक भाकितासाठी नव्हे, तर दिशा समजण्यासाठी करावा. विकार जितका लवकर उद्भवला, तितकी पुढची काळजी अधिक, हे सूत्र मात्र सर्वत्र लागू आहे.

मूळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, लठ्ठपणा, जुळी किंवा तिळी बाळे, तसेच चाळिशीनंतरचे गरोदरपण यांमुळे धोका वाढतो. दोन गरोदरपणांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडणे हेही जोखमीचे मानले जाते.

माहेरी राहून गेलेले कागद

तमिळ घरांमध्ये सातव्या किंवा नवव्या महिन्यात वळैकाप्पू, म्हणजे बांगड्या भरण्याचा समारंभ, होतो आणि त्यानंतर गर्भवती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. महाराष्ट्रातही डोहाळजेवणानंतर लेकीला माहेरी नेण्याची रीत आहे. या रीतीमागील माया निर्विवाद आहे. तथापि रक्तदाब वाढण्याची शक्यता ज्या काळात सर्वाधिक असते, त्याच काळात स्त्रीचे गाव, डॉक्टर आणि रुग्णालय बदलते. सुरुवातीच्या तपासण्या सासरी, प्रसूती माहेरी आणि पुढचा सल्ला पुन्हा सासरच्या गावी, अशी विभागणी झाल्याने तीन-चार वर्षांनी दुसऱ्या बाळाचा विचार होतो, तेव्हा "प्रेशर वाढले होते" एवढेच सर्वांच्या स्मरणात उरते.

तेवढ्याने डॉक्टरांचे काम भागत नाही. त्यांना पुढील माहिती हवी असते: विकाराचे निदान आणि प्रसूती कितव्या आठवड्यात झाली, रक्तदाब जास्तीत जास्त किती होता, लघवीतील प्रथिने, रक्तबिंबिका आणि यकृताच्या तपासण्यांचे निष्कर्ष काय होते, आकडी आली होती का, मॅग्नेशियम सल्फेट दिले होते का, बाळाचे वजन किती होते, आणि घरी सोडताना रक्तदाब किती होता. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल एका पिशवीत घालून स्त्रीने स्वतःजवळ ठेवावेत व सासरी परतताना सोबत न्यावेत. तमिळनाडूत गर्भवतीची नोंद 'पिक्मे' या संगणकीय प्रणालीत होऊन तिला क्रमांक मिळतो. तो क्रमांकही जपून ठेवावा.

प्रसूतीनंतरचे बारा आठवडे

प्रसूती झाली म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि पहिल्या काही आठवड्यांत आकडी किंवा पक्षाघाताची शक्यता राहते. तीव्र डोकेदुखी, दृष्टीपुढे अंधारी किंवा ठिणग्या दिसणे, बरगड्यांखाली दुखणे, धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास ते बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून अंगावर काढू नये. तमिळनाडू व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब बारा आठवड्यांत पूर्ववत होतो आणि लघवीतील प्रथिनेही थांबतात. तसे न झाल्यास मूळचा उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असण्याची शंका घेऊन तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. विकारामुळे ३४ आठवड्यांपूर्वी प्रसूती झाली असल्यास रक्त गोठण्याशी संबंधित काही प्रतिपिंडांची चाचणीही सुचविली जाते, कारण ती सदोष आढळल्यास पुढच्या गरोदरपणातील उपचार बदलतात. ही बारा आठवड्यांची तपासणी झाली नसेल, तर पुढच्या गर्भधारणेपूर्वी तरी ती अवश्य करावी.

अंतर आणि पूर्वतयारी

जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्यापूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर ठेवावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील तज्ज्ञ सल्लामसलतीतून पुढे आली. या काळात गर्भनिरोधनासाठी तांबी हा सुरक्षित पर्याय आहे. रक्तदाब वाढलेला असताना इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या मात्र टाळल्या जातात.

पहिले बाळ दगावले असल्यास हा प्रश्न अधिक नाजूक होतो. रिकाम्या ओटीचे दुःख आणि नातेवाइकांची घाई यांमुळे स्त्रीवर लगेच पुन्हा गर्भधारणेचा दबाव येतो. अशा वेळी कॅलेंडरपेक्षा तिचा रक्तदाब, मूत्रपिंडांची स्थिती, सिझेरियन झाले असल्यास त्याचा व्रण आणि तिच्या मनाची तयारी यांवरून काळ ठरवावा. प्री-एक्लॅम्प्सिया स्त्रीच्या कोणत्याही चुकीमुळे होत नाही, हे कुटुंबाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गर्भधारणेपूर्वी वजन आटोक्यात आणावे आणि मधुमेह व रक्तदाब नियंत्रित करावेत. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे सुरू असल्यास ती गर्भाला अपायकारक ठरू शकतात. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांसारखी औषधे सुरू केली जातात. औषध परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

अॅस्पिरिन आणि कॅल्शियम

ज्यांना पूर्वी हा विकार झाला आहे, त्यांना कमी मात्रेतील अॅस्पिरिन देण्याची शिफारस जगभर केली जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अॅस्प्रे' चाचणीत अधिक धोका असलेल्या १,७७६ स्त्रिया सहभागी होत्या. त्यांपैकी एका गटाला ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन देण्यात आले. ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागेल असा प्री-एक्लॅम्प्सिया या गटात १.६ टक्के, तर औषध न मिळालेल्या गटात ४.३ टक्के स्त्रियांना झाला. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या विकारावर मात्र औषधाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. हे औषध वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे असल्याने पाळी चुकताच नोंदणी करावी. पाचव्या महिन्यात पहिली तपासणी झाल्यास ही संधी बहुतांशी निसटलेली असते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना पूरक कॅल्शियमचा लाभ होतो. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सांगितल्या आहेत. भारत व टांझानियात प्रत्येकी ११,००० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५०० मिलिग्रॅमची मात्रा प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यात १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडली नाही. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. नाचणी, दूध, दही हे पदार्थ आहारात असावेत. मीठ पूर्णपणे तोडणे, सतत अंथरुणावर पडून राहणे किंवा क व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणे यांनी हा विकार टळत नाही.

गरोदरपणातील दक्षता

दुसऱ्या खेपेस ही स्त्री सुरुवातीपासूनच अतिजोखमीची गर्भवती मानली जाते. केंद्राच्या सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी होते. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब व लघवीची तपासणी वरचेवर करावी. शक्य असल्यास दंडावर बांधावयाच्या यंत्राने घरीही रक्तदाब मोजून वहीत नोंदवावा. त्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. बाळाची वाढ सोनोग्राफीने पाहिली जाते. प्रसूतीचे रुग्णालय आधीच ठरवावे आणि तेथे रक्तपुरवठा, भूलतज्ज्ञ व नवजात अतिदक्षता कक्ष असल्याची खात्री करून घ्यावी. माहेरी जायचे असल्यास तेथील डॉक्टरांना आधी कागद दाखवावेत.

गरोदरपण टाळणे केव्हा योग्य?

मूत्रपिंडांचे कार्य बरेच खालावलेले असणे, प्रसूतीच्या सुमारास हृदय कमकुवत होऊन ते पूर्ववत न होणे किंवा औषधांनीही रक्तदाब काबूत न येणे, अशा परिस्थितीत डॉक्टर पुन्हा गर्भधारणा न करण्याचा सल्ला देऊ शकतात. इतर बहुतेक स्त्रियांसाठी प्रश्न 'करावे की नाही' यापेक्षा 'कोणत्या तयारीने करावे' असा असतो. एकाच अपत्यावर थांबण्याचा निर्णयही तितकाच आदरास पात्र आहे.

दुसरे मूल होवो अथवा न होवो, एक काळजी आयुष्यभर घ्यावी लागते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार, प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे पावणेचारपट, तर हृदयविकाराची शक्यता दुपटीहून अधिक असते. त्यामुळे दरवर्षी रक्तदाब तपासावा आणि साखर व कोलेस्टेरॉलची तपासणीही डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' या योजनेतून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्यात येऊ लागली. पुढे कोणत्याही कारणासाठी तपासणीस जाताना, गरोदरपणात हा विकार झाला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.