आधी चित्र, मग चित्रकार



आज आपण बरुआसागरला आहोत. झाशीपासून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. ओरछाच्या उदितसिंहाने अठराव्या शतकात बांधवलेला तलाव आणि त्याच्या काठावरचा किल्ला, ही या गावाची ओळख. मी फौजी माणूस, तेव्हा किल्ल्यावरच बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज बोलायचंय चित्रांविषयी. निवृत्तीनंतर मी प्रदर्शनं पाहतो, कलाकारांची व्याख्यानं ऐकतो. त्यातून सुचलेली एक गोष्ट सांगायला मला हेच गाव योग्य वाटलं.

कारण गावाजवळ जराईचा मठ आहे. प्रतिहार काळातलं, साधारण नवव्या शतकातलं मंदिर. त्याचं दार पाहा. चौकट कोरीवकामाने नुसती भरून गेली आहे. कोणी कोरलं? कोरताना काय ठरवलं, काय बदललं? त्या हातांचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही.

आज कलाकार आपल्यासमोर उभा राहून बोलतो. हे भाग्य फार जुनं नाही. पण आपण त्याला विचारतो काय? “याचा अर्थ काय?” बस्स, एवढंच.

सय्यद हैदर रझांचं उदाहरण घ्या. जन्म 1922, मंडला जिल्ह्यातला. शिक्षण नागपूरला, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये. 1950 मध्ये ते पॅरिसला गेले. त्यांच्या चित्रातला काळा बिंदू सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मन भटकायचं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं, ही आठवण रझा पुढे सांगत असत. ती ऐकली की चित्र जवळचं वाटतं, हे खरं. पण धोकाही तिथेच आहे. गोष्ट कळली की चित्र कळलं असं वाटून माणूस पुढच्या भिंतीकडे वळतो.

उलट वासुदेव गायतोंडे. 1924 मध्ये नागपूरला जन्मलेले. बोलणं कमी, चित्रंही कमी. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांच्या चित्रापुढे उभं राहायचं तर सोबतीला गोष्ट नसते, आपणच उभं राहावं लागतं. आणि प्रभाकर बरवे यांनी तर ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तकच लिहिलं, तेही मराठीत. चित्रकार विचार कसा करतो, हे आपल्या भाषेत वाचायला मिळतं, ही मोठी ठेव आहे.

आता चौथा माणूस. भोपाळचं भारत भवन 1982 मध्ये सुरू झालं. जगदीश स्वामीनाथन यांनी तिथे शहरी चित्रकार आणि आदिवासी कलाकार एकाच छताखाली मांडले. त्यांची माणसं गावोगाव फिरली, तेव्हा पाटनगढच्या मातीच्या भिंतींवर जनगढ सिंह श्याम यांचं काम दिसलं. जनगढ परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत कथागायक. 1989 मध्ये त्यांची चित्रं पॅरिसला पोचली. 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना त्यांनी आयुष्य संपवलं. आज त्यांच्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात, चित्रांना मोठ्या किमती येतात. पण त्यांना जे विचारायचं राहिलं, ते कायमचं राहिलं. जराईच्या कारागिरांसारखंच. फरक एवढाच, की ते आपल्या हयातीतले होते.

फौजेत शिकवतात, आधी जमीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग तिथल्या माणसाला विचारा. नुसतं ऐकून निघालात तर फसाल, नुसतं पाहून निघालात तरी फसाल. प्रदर्शनालाही हेच लागू आहे. पाटी न वाचता पाच मिनिटं चित्र पाहा. मग कलाकाराला अर्थ विचारू नका. सुरुवात कुठून केली, काय पुसलं, कुठे अडलात, ते विचारा. याची उत्तरं तोच देऊ शकतो.

आणि मंडळी, तुमच्या गावात चितारी असेल, मूर्तिकार असेल, तर त्याचं बोलणं फोनवर नोंदवून ठेवा. बाराशे वर्षांपूर्वी ती सोय नव्हती. आपल्याला ती सबब नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.