२०१८ : हिंगोलीत आलेला एकच गेम

मार्च महिना आला की मला माझीच एक जुनी बातमी आठवते. चार वाक्यांची बातमी, पण मथळा ठसठशीत. 'पबजीच्या नादात दोन तरुणांचा बळी'. मथळा माझाच. त्या दिवशी तो मला बरोबर वाटला होता. आज वाटत नाही. का, ते सांगायचं तर २०१८ या सालापर्यंत मागं जावं लागेल. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

व्हिडिओ गेमच्या जगात २०१८ हे साल फार मोठं मानतात. जानेवारीत 'सेलेस्ट' आला. कॅनडातल्या छोट्याशा टीमनं केलेला, एक मुलगी डोंगर चढते आणि चढता चढता स्वतःच्या मनातल्या भीतीशी झगडते, एवढीच गोष्ट. २० एप्रिलला 'गॉड ऑफ वॉर' आला. मेलेल्या बायकोची राख सगळ्यात उंच शिखरावर न्यायची म्हणून बाप लेकाला घेऊन निघतो, आणि वाटेत बापाला लेकाशी बोलायला शिकावं लागतं. डिसेंबरात वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून त्यालाच बक्षीस मिळालं. सप्टेंबरात 'स्पायडर-मॅन' आला. २६ ऑक्टोबरला 'रेड डेड रिडेम्प्शन २' आला आणि त्यानं पहिल्या तीन दिवसांत ७२ कोटी ५० लाख डॉलरचा धंदा केला. आपल्या हिशोबानं पाच हजार कोटींच्या वर. तीन दिवसांत, बरं का!

यातलं एक अक्षर मला तेव्हा माहीत नव्हतं. ही सगळी माहिती मला पुढं भाच्यानं दिली. तो हे गेम खेळला नव्हता. त्यानं यूट्यूबवर दुसऱ्यांना खेळताना बघितलं होतं. कारण साधं आहे. हे गेम खेळायला प्लेस्टेशनसारखं यंत्र लागायचं, पंचवीस-तीस हजारांचं. वर एकेक गेम तीन-चार हजारांचा. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ३,३९९ रुपये. म्हणजे एका गेमला एक क्विंटल सोयाबीन. आता सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरानं बापाला कोणत्या तोंडानं म्हणावं, की बाबा, एक क्विंटल मला द्या, मला अमेरिकेतल्या घोड्यावर बसायचंय?

म्हणून त्या वर्षाचे बाकी सगळे मोठे गेम पुण्या-मुंबईत थांबले. हिंगोलीत आला तो एकच. १९ मार्च २०१८ ला जगभर मोबाईलवर उतरलेला पबजी.

त्याची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. ब्रेंडन ग्रीन नावाचा आयरिश माणूस. 'बॅटल रॉयल' नावाचा एक जपानी सिनेमा त्याच्या डोक्यात बसला होता. शेवटी एकच जिवंत उरतो, ही त्यातली कल्पना घेऊन तो दुसऱ्यांच्या गेममध्ये फेरफार करत राहिला. तेव्हा तो प्लेयरअननोन हे टोपणनाव लावायचा. पबजीतला 'पी' आणि 'यू' हे त्याचंच नाव. कोरियातल्या कंपनीनं त्याला बोलावून घेतलं, २०१७ मध्ये कॉम्प्युटरवरचा गेम आला, आणि चीनच्या टेन्सेंटनं तो मोबाईलमध्ये बसवला. आयरिश डोकं, जपानी कल्पना, कोरियाची कंपनी, चीनचं तंत्र. आणि खेळणारे कुठले? तर कळमनुरीचे.

पण नुसता गेम येऊन भागलं नसतं. त्याच्या दीड वर्ष आधी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं होतं. त्याआधी आपण एक जीबी महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो. २०१८ पर्यंत रोजचा दीड जीबी मिळायला लागला. पबजी फुकट होता आणि २ जीबी रॅमच्या साध्या फोनवर चालायचा. तसा फोन तोवर घरोघरी आलेला होता.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभर जण विमानातून पॅराशूटनं एका बेटावर उतरतात. रिकाम्या हातानं. घरं धुंडाळायची, बंदूक, औषध, हेल्मेट जे मिळेल ते घ्यायचं. बेटावर एक गोल असतो, तो लहान लहान होत जातो. गोलाबाहेर राहिलात तर मेलात. सगळे एकाच जागी लोटले जातात आणि शेवटी उरतो तो जिंकतो. चौघांची टोळी करूनही खेळता येतं आणि खेळताना एकमेकांशी बोलता येतं.

माझ्या मते सगळी गोम या बोलण्यात होती.

आमच्या लहानपणीही गेम होतेच. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात कॅसेट, मारिओ आणि कॉन्ट्रा. ज्याच्या घरी डबा त्याची मर्जी राखावी लागायची. दसऱ्याला रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात जायचो, तिथं खेळण्यापेक्षा दुसऱ्याच्या खांद्यावरून बघणंच जास्त व्हायचं. २०१८ च्या पोरांचं तसं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा डबा, आणि चौघं चार घरांत बसून एकाच मैदानात.

त्या पावसाळ्यात भाचा आमच्याकडं राहायला होता. पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे रस्त्यावर पळायचा, दुपारी लायब्ररीत बसायचा आणि रात्री गच्चीवर जायचा, कारण नेटवर्क तिथं चांगलं. ताट वाढून हाक मारली की वरून आवाज यायचा, "मामी, पाचच मिनटं, झोन यायलाय!" मी एकदा चिडून वर गेलो. अंधारात फोनच्या उजेडात नुसता चेहरा दिसत होता. कानात हेडफोन. म्हणत होता, "पोचिंकीत उतरू नको, मरशील. माझ्या मागं ये, मी हाव ना." तो त्या जगात नसलेल्या पोचिंकी गावाची गल्ली न् गल्ली सांगू शकत होता.

त्याच्या टोळीत चौघं होते. एक आमच्याच गल्लीतला, एक पलीकडच्या मोहल्ल्यातला, एक वसमतकडचा, त्याच्या घरी हळद. वेगवेगळ्या जातीधर्माची, एरवी एकमेकांच्या घरी जायची शक्यता कमीच, अशी पोरं. रात्री एकमेकांना 'मी हाव ना' म्हणत होती.

त्या वर्षीची माझी कात्रणं मी परवा काढून बघितली. जुलै-ऑगस्टमध्ये मराठा आरक्षणाची आंदोलनं. राज्य सरकारची ७२ हजार पदांची मेगाभरती जाहीर, त्यावरच्या बातम्या. ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर. ३० नोव्हेंबरला आरक्षणाचा कायदा. सगळीकडं तरुण आहेत. मोर्चात तरुण, भरतीच्या रांगेत तरुण, कोरड्या रानात तरुण. पण हीच पोरं रात्री दहानंतर कुठं असतात, काय करतात, यावर माझी एक ओळ नाही. मला ती बातमी वाटलीच नव्हती.

मग मोठ्या माणसांचं लक्ष गेलं. जून २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या अतिरेकाला आजारांच्या नव्या यादीत जागा दिली. २९ जानेवारी २०१९ ला 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एका आईनं मुलाची तक्रार केली आणि खुद्द पंतप्रधानांच्या तोंडी पबजीचं नाव आलं. त्याच सुमारास ११ वर्षांच्या एका मुलाच्या वतीनं मुंबई उच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका दाखल झाली. मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना चक्क पकडलं.

आणि त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, हैदराबादेत पबजीच्या देशपातळीवरच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मुंबईकडच्या नमन माथुर ऊर्फ 'मॉर्टल'च्या टीम सोलनं ३० लाख जिंकले. एकाच आठवड्यात एकीकडं अटक, एकीकडं ३० लाख. पोरांनी यातून नेमकं काय समजायचं होतं?

त्याच १० तारखेला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. आपलं मतदान १८ एप्रिलला होतं. आम्ही पत्रकार मंडळी तिकिटं, बंडखोरी, आचारसंहिता यात बुडालेलो. १६ मार्चच्या रात्री फोन आला. खटकाळी बायपासजवळ रुळावर दोन तरुण. हैदराबाद-अजमेर गाडी. मोबाईलवर पबजी खेळत होते, असं पोलिसांकडून कळलं. अपघाती मृत्यूची नोंद झाली.

त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांनी ती तेव्हा पुष्कळदा वाचली असतील. दोन दिवसांत ही बातमी दिल्लीपर्यंत गेली. ज्या हिंगोलीला जिल्हा होऊन वीस वर्षं होत आली तरी बाहेरच्यांना 'कुठं आहे?' म्हणून सांगावं लागायचं, ते नाव देशभरच्या इंग्रजी-हिंदी वेबसाइटवर झळकलं. पबजीच्या दुष्परिणामांच्या याद्यांमध्ये आजही हिंगोली सापडते.

मी चार वाक्यं लिहिली, मथळा दिला आणि पुन्हा निवडणुकीकडं वळलो.

आता चूक सांगतो. बातमी खोटी नव्हती. कानात हेडफोन घालून रुळाजवळ बसणं जिवावर बेततं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. ज्या पोरांच्या हातात आत्ता फोन आहे त्यांनी हे वाचून रुळापासून लांब बसावं, याहून मोठं काम ही पोस्ट करू शकत नाही. पण मथळ्यात 'पबजी' लिहिलं की पुढचे प्रश्न आपोआप मिटतात. गुन्हेगार सापडला, फाईल बंद. आपल्या गावात वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी संध्याकाळी बसायचं कुठं, हा प्रश्न मी त्या बातमीत विचारायला हवा होता. आजही कोणत्याही संध्याकाळी गावाबाहेर चक्कर मारा. बायपासच्या कडेला, पुलाच्या कठड्यावर, अर्धवट बांधकामाच्या स्लॅबवर पोरं बसलेली दिसतील. घरात दोन खोल्या, त्यात बाप टीव्ही बघतो, बहीण अभ्यास करते. चौकात उभं राहिलं तर टवाळ म्हणतात. मैदानावर अंधार. मग जिथं कुणी उठवत नाही तिथं पोरगं बसतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली. कारण पोरांचं व्यसन नव्हे, चीनशी तणाव आणि माहितीची सुरक्षा. २६ जानेवारी २०२१ ला 'फौजी' नावाचा देशी गेम आला, गाजला आणि विरला. २ जुलै २०२१ ला पबजीच बीजीएमआय नाव लावून परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा हजर. पुण्याच्या एका कंपनीनं मात्र २०२० मध्ये 'राजी' हा फार देखणा गेम केला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली बहीण, आपल्या पुराणातले देव. जगात नावाजला. पण तोही आला महागड्या यंत्रांवर. म्हणजे पुण्याचा गेमसुद्धा हिंगोलीला पोचायला तीच अडचण!

भाचा आता चाकणला कंपनीत आहे, कंत्राटावर. भरतीत दोनदा थोडक्यात हुकला. टोळीतला एक पोलिसात लागला, एक मेडिकलवर बसतो, वसमतकडचा हळदीत आहे. मागच्या दिवाळीत मी भाच्याला विचारलं, "अजून खेळता का रे?"

म्हणाला, "शनिवारी रात्री खेळतो मामा, चौघं. गेम आता बोअर झालाय तसा. पण फोन करून काय बोलावं सुचत नाही. खेळताना बोलणं होतंय."

मग थोडा थांबून म्हणाला, "मामा, त्या वर्षी तुम्ही ती बातमी लिहिली ना, तेव्हा आईनं माझा फोन महिनाभर कपाटात ठेवला होता. मी त्या महिन्यात कुणाशीच बोललो नव्हतो."

मला हे माहीत नव्हतं. माझ्याच घरात राहिलेलं पोरगं, आणि मला माहीत नव्हतं.

जगाच्या यादीत २०१८ म्हणजे बाप-लेकाची आणि डोंगर चढणाऱ्या मुलीची गोष्ट. आपल्या जिल्ह्याच्या यादीत २०१८ म्हणजे गच्चीवरचा अंधार, दीड जीबी, 'मी हाव ना', आणि पुढच्या मार्चमध्ये खटकाळी बायपास. हे दोन्ही एकाच वर्षाचे आहेत आणि दोन्ही लिहून ठेवले पाहिजेत. मी तेव्हा फक्त शेवटचा भाग लिहिला होता. उरलेला आज लिहिला.

तुमच्यापैकी जे तेव्हा खेळत होते त्यांनी खाली लिहा. कुठं बसून खेळायचा, टोळीत कोण होतं, ते आता कुठं आहेत. आणि नगरपालिकेत ज्यांची ऊठबस आहे त्यांनी एवढंच बघावं, की मैदानावरचा एखादा दिवा रात्री दहापर्यंत चालू ठेवता येतो का.