‘अर्थात्’च्या अलीकडे आणि पलीकडे

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेत स्नानाला उतरलेला यात्रेकरू संकल्प सोडताना ‘भारतवर्ष’ आणि ‘भरतखंड’ ही नावे उच्चारतो. ती त्याला कोणी समजावून द्यावी लागत नाहीत. हेच नाव राज्यघटनेच्या पहिल्या कलमात कोठे बसवावे याचा मात्र संविधानसभेत बराच खल झाला. आणि त्या वादात नर्मदाकाठची दोन माणसे पुढे होती : जबलपूरचे शेठ गोविंददास आणि पुढे होशंगाबादचे खासदार झालेले हरि विष्णु कामत.

डॉ. आंबेडकरांच्या मसुद्यात ‘इंडिया, दॅट इज, भारत’ असा क्रम होता. १८ सप्टेंबर १९४९ रोजी कामतांनी तो उलटविण्याची सूचना मांडली : आधी ‘भारत’, मग ‘इंग्रजी भाषेत इंडिया’. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत ‘एरे’ हे नाव याच रीतीने आधी येते, हा त्यांचा दाखला. गोविंददासांनी वेदोपनिषदांपासून ह्यूएनत्संगापर्यंत प्रमाणे रचली. विद्वत्ता दांडगी, पण युक्तिवाद म्हणून ती लंगडीच. कारण ‘सिंधू’पासून ग्रीकांमार्फत रूढ झालेले ‘इंडिया’ हेही काही कालपरवाचे नाव नव्हे. स्वातंत्र्याच्या लढ्यात जयजयकार झाला तो भारतमातेचा, हे त्यांचे म्हणणे अधिक बळकट होते. सूचना ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली.

पहिले स्थान म्हणजे मान, असे दोघांनीही गृहीत धरले. भाषांतरकाराच्या नजरेला मात्र येथे वेगळेच काही दिसते. ‘अर्थात्’नंतरचा शब्द हा श्रोत्याच्या ओळखीचा असतो, त्याच्या आधाराने आधीचा शब्द उलगडतो. त्या हिशेबाने पराभूत झालेला क्रम परदेशी माणसाला उद्देशून होता, आणि संमत झालेला क्रम ग्वारीघाटावरच्या यात्रेकरूला. ‘इंडिया’ हे नाव पुढे ठेवण्यास व्यावहारिक कारण होतेच : संयुक्त राष्ट्रसंघाचे १९४५ पासूनचे सभासदत्व आणि जुने करारमदार त्याच नावावर होते, आणि मुस्लिम लीगने १९४७ मध्ये त्या नावालाच हरकत घेतली होती. वारसा सांगायचा तर नाव सोडून कसे चालेल? तथापि तो यात्रेकरू इंग्रजी पाठ वाचणारा नव्हे, ही यातली गंमत.

हिंदी भाषांतराचे काम ज्या समितीकडे गेले तिचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त होते. तेही दुर्गचे, म्हणजे त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे. १९८७ च्या घटनादुरुस्तीने हिंदी पाठाला अधिकृत स्थान मिळाले. त्या पाठात ‘भारत’ आधी येतो आणि ‘इंडिया’ ‘अर्थात्’च्या पलीकडे. सभागृहात जे हरले ते भाषांतरात जिंकले. पण ज्याला ‘भारत’ ठाऊकच आहे त्याला तो ‘इंडिया’च्या आधाराने समजावला जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या भोजनाचे राष्ट्रपतींचे इंग्रजी निमंत्रण ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ या नावाने गेले. परदेशी पाहुण्यांसाठी तेथे ‘अर्थात्’ नव्हते.