गृहबांधकाम, लहान : कामगार-सुरक्षा व तिचे उल्लंघन

एकदोन मजली बंगले, रो-हाउस, गुंठेवारीच्या भूखंडांवर उठणारी तीनचार मजली घरे आणि जुन्या घरावर चढविला जाणारा वाढीव मजला, अशा एका वेळी पाचपंधरा माणसे राबत असलेल्या बांधकामांवर, मजुरांच्या जीविताच्या व आरोग्याच्या रक्षणासाठी कायद्याने आणि भारतीय मानकांनी घालून दिलेल्या नियमांचा जो भंग होतो, त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे. मोठ्या इमारतींवरील दुर्घटना लोकांच्या स्मरणात राहतात : २०१३ साली मुंब्र्यानजीक शिळफाटा येथे काम पुरे होण्याआधीच वस्ती झालेली इमारत कोसळून ७४ माणसे दगावली, २०१६ साली पुण्यात बालेवाडी येथे वरच्या मजल्याचा स्लॅब ढासळून ९ मजूर मृत्यू पावले, २०१९ च्या जूनअखेर कोंढव्यात मजुरांच्या खोपट्यांवर शेजारची सीमाभिंत पडून १५ जणांचा बळी गेला. लहान कामावर मात्र एकेक माणूस पडतो, एकेक जायबंदी होतो, आणि बहुधा दवाखान्याचे बिल व गावी परतण्याचे भाडे यांवर प्रकरण आपसांत मिटवले जाते, त्यामुळे त्याची ना चर्चा होते, ना कोणत्या दप्तरात नोंद राहते.

या कामांची व्यवस्था ध्यानात घेतल्याखेरीज उल्लंघनाचे मूळ कळत नाही. घरमालक वास्तुविशारदाकडून नकाशे करवून घेतो आणि चौरसफुटाच्या दराने काम ठेकेदारास देतो. ठेकेदार सेंट्रिंग एकास, सळईचे काम दुसऱ्यास, गवंडीकाम तिसऱ्यास उक्ते देतो. आणि यांपैकी प्रत्येक जण सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्यांतून त्या दिवसापुरती माणसे निवडून आणतो. दर ठरतो तो कामाचा. कठडा, जाळी, मजबूत फळ्या यांचा खर्च त्यात धरलेला नसतो, म्हणून या वस्तूंवर खर्च करणारा प्रत्येक जण तो आपल्या पदरचा करतो. सेंट्रिंगवाल्याने स्लॅबची कड उघडी सोडून आपले सामान उचलले की तिचा वाली कोणी उरत नाही, आणि जिन्याच्या पोकळीवर गवंड्याने टाकलेल्या फळ्या पाइप उतरवण्यासाठी प्लंबर काढतो, त्या पुन्हा टाकणे हे कोणाच्याच उक्त्या कामात मोडत नाही. मजुरांचे अज्ञान हे कारण सर्रास पुढे केले जाते. ते पुरते खरे नव्हे. वर्षानुवर्षे परांचीवर उभ्या राहिलेल्या गवंड्याला कोणती गाठ ढिली आहे हे पाय ठेवताच समजते. पण तीवर चढण्यास नकार दिला तर त्या दिवसाची हजेरी जाते, आणि हजेरी गेली तर त्या दिवसाची चूलही अडते.

उंचीवरून पडणे हा या कामांवरील सर्वांत घातक प्रकार होय. मागील पावसाळ्यात भिजलेले बांबू, उन्हाने विरलेली काथ्याची दोरी आणि पाऊल जेमतेम मावेल अशी एकच फळी, एवढ्यावर परांची उभी राहते. फळीच्या बाहेरच्या अंगाला सुमारे कमरेइतक्या उंचीचा आडवा कठडा आणि विटा-हत्यारे खाली घसरू नयेत म्हणून लावायची पायपट्टी क्वचितच आढळते. शिडी वरच्या मजल्याच्या कडेपासून सुमारे एक मीटर वर निघालेली असावी, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. प्रत्यक्षात ती कडेशीच संपते, आणि डोक्यावर घमेले घेतलेल्या बाईला शेवटच्या पायरीवर कशालाही हात न लावता तोल सांभाळावा लागतो. डक्ट आणि लिफ्टचा खड्डा यांची तोंडे उघडी असतात. कमरपट्टा दिलाच, तर त्याची दोरी अडकवण्यास पक्का आधार नसतो, आणि तसा पट्टा बांधणे म्हणजे संरक्षणाचा नुसता भास होय.

स्लॅब भरण्याचा दिवस विशेष जोखमीचा. पाच इंची स्लॅबच्या दर चौरस मीटरला ओल्या काँक्रीटचे वजन सुमारे ३०० किलो भरते. त्याखेरीज मिक्सरचा माल ओढणारी माणसे, व्हायब्रेटरचा हादरा आणि एका जागी ओतून ठेवलेला ढीग, हा सारा भार खालच्या बल्ल्यांना वा जॅकना पेलायचा असतो. बल्ल्या ओळंब्यात, खाली फळी वा प्लेट देऊन आणि एकमेकींना आडव्या-तिरक्या बांधून उभ्या केल्या तर त्या हा भार वाहतात. परंतु लहान कामावर त्या नुकत्याच टाकलेल्या भरावावर, विटेच्या तुकड्यांची पाचर देऊन, उंची कमी पडली तर दोन तुकडे खिळ्यांनी जोडून ठोकलेल्या दिसतात. भरावात पाणी मुरते, एक बल्ली इंचभर खचते, तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो, आणि मग सबंध खण खाली येतो. त्या वेळी खाली टेके ठोकीत फिरणारा सेंट्रिंगचा माणूस प्रथम सापडतो. आय. एस. ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेके साध्या सिमेंटच्या बाबतीत किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील १४ दिवस ठेवले पाहिजेत. पण प्लेटा भाड्याच्या असतात, भाडे दिवसावर चढते, आणि ठेकेदारास त्या पुढल्या कामावर न्यायच्या असतात. काँक्रीट भरण्यापूर्वी अभियंत्याने खाली जाऊन टेके पाहिले असते तर टळले असते, असे ज्यांविषयी म्हणता येईल अशा मृत्यूंत टेके खचून स्लॅब कोसळण्याचा प्रकार अग्रस्थानी आहे.

पाया, शोषखड्डा व पाण्याची टाकी यांच्या खोदाईत आय. एस. ३७६४ या मानकाने मातीतील दीड मीटरहून खोल चरास आधार देण्यास सांगितले आहे. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते, म्हणून जूनच्या आरंभी उघडा ठेवलेला उभा कडा विशेष फसवा असतो. काढलेली माती चराच्या काठावरच टाकण्याची सवय त्यात भर घालते. एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते, आणि माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी त्याचा श्वास कोंडतो.

विजेचा धोका लहान कामावर मोठ्या कामापेक्षा अधिक आहे, कारण घर गल्लीत असते आणि गल्लीतूनच तार गेलेली असते. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे असा नियम आहे. गॅलरी पुढे काढताना हे अंतर गिळले जाते. सळई १२ मीटर लांबीची येते. बारा मिलिमीटर जाडीच्या एका सळईचे वजन जेमतेम साडेदहा किलो, म्हणून कप्पीवाचून गच्चीवरचा माणूस ती रस्त्यावरून उभी ओढून घेतो. अर्ध्यावर आल्यावर तिचे वरचे टोक लवते, झोका घेते, आणि तारेला लागण्याची भीती याच क्षणी सर्वांत मोठी असते. वीज कंपनीकडे आगाऊ अर्ज करून तेवढा वेळ प्रवाह बंद ठेवविणे, किंवा सळई खालीच कापून वर चढविणे, एवढाच यावर उपाय आहे. जमिनीवर ओल्या मातीत लोळणाऱ्या, चिकटपट्टीने सांधलेल्या वायरीही तितक्याच घातक. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारा स्विच मुख्य जोडणीवर बसविला तर त्यांचे बहुतेक भय जाते.

ओल्या सिमेंटने हातापायांची कातडी फुटणे, आणि संरक्षक टोप काढलेल्या कटरने ग्रॅनाइट व फरशी कोरडी कापताना उडणाऱ्या सिलिका धुळीमुळे फुप्फुसे निकामी होणे, हे सावकाश होणारे अपघातच होत. पाणी सोडून कापल्यास धूळ पुष्कळ अंशी बसते.

कायद्याची बाजू लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाने दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नियमांखाली आणले, मात्र स्वतःच्या निवासासाठी दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घर बांधणाऱ्या व्यक्तीस वगळले. सुरक्षा समितीस पाचशे कामगारांची आणि पाळणाघरास पन्नासाहून अधिक स्त्री-कामगारांची अट घातली, त्यामुळे लहान कामावर बाळे वाळूच्या ढिगाशेजारीच वाढतात. सुरक्षा-नियमांच्या भंगास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. हा अधिनियम ज्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत दहा कामगारांची अट कायम राहिली आणि स्वतःच्या घराच्या खर्चाची मर्यादा पन्नास लाखांवर गेली. म्हणजे तालुक्याच्या गावातील बहुतेक बंगले या संरक्षणाबाहेर पडले. दुसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या मजुराच्या दृष्टीने कामावर नऊ माणसे होती की अकरा, याला काही अर्थ नाही. जोखीम उंचीवर, खोलीवर आणि भारावर अवलंबून असते, आणि कायद्यानेही तिचे मोजमाप त्याच मापांनी करावयास हवे होते. मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदता येतो व त्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु पंचनामा हा माणूस गेल्यानंतरचा उपाय होय.

तपासणीची यंत्रणा दारी येत नाही तोवर हे काम बांधकाम-परवानगीच्या कागदाशीच जोडणे इष्ट. जोत्याची तपासणी जशी परवानगीचा भाग आहे, तशीच प्रत्येक स्लॅबपूर्वी टेक्यांची व परांचीची पाहणी अभियंत्याच्या सहीने दाखल करण्याची अट स्थानिक संस्थांनी घालावी; आणि घर बांधवून घेणाऱ्याने ठेक्याच्या कागदातच कठडे, जाळ्या व हेल्मेट यांची रक्कम वेगळी लिहावी, ती मजुरीच्या दरात बुडवू नये. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव हजेरीवहीत रोजच्या रोज लिहिले जावे. अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा करताना अमुक मजूर अमुक दिवशी त्या कामावर होता हे प्रथम शाबीत करावे लागते, आणि अड्ड्यावरून आणलेल्या माणसाच्या बाबतीत त्या वहीखेरीज दुसरा पुरावा बहुधा नसतो.