अनुराधेचे ठसे

४ मे १९८५ची रात्र आपल्या बॅचच्या वसतिगृहवाल्यांना नक्की आठवत असेल. दहावीच्या उन्हाळी वर्गांमुळे आपण चिखलदऱ्यातच अडकलो होतो. मध्यरात्रीनंतर खग्रास चंद्रग्रहण होते, म्हणून विज्ञानाच्या सरांनी सगळ्यांना चादरी घेऊन मैदानावर बसवले. चंद्र झाकोळला तसे तारे दाटले. सर बोट दाखवून म्हणाले, "हे अनुराधा नक्षत्र. याच नावाचं आपलं एक यंत्र या घडीला पृथ्वीभोवती फिरतंय."

'अनुराधा' हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग. २९ एप्रिलला चॅलेंजर यानातून, स्पेसलॅब-३ मोहिमेत तो वर गेला होता. सोबत दोन माकडे आणि २४ उंदीर आहेत, हे ऐकून आपण किती हसलो! काम होते विश्वकिरण टिपण्याचे. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे विद्युतभारित कण. होमी भाभांनी १९४५ साली संस्था काढली तेव्हापासून तिथे हा विषय चालत आलेला. त्यासाठी मोठमोठे फुगेही सोडले जात. पण कमी ऊर्जेचे कण हवेतच अडतात, त्यांना गाठायचे तर हवेच्या वर जावे लागते.

आपला एक मित्र वनरक्षकाचा मुलगा. त्याने विचारले, "सर, दिसत नाही ते मोजाचं कसं जी?"

सर म्हणाले, "तुझे वडील वाघ मोजतात तसंच. ठशांवरून."

मेळघाटच्या पोरांना दुसरे काही सांगायची गरजच नव्हती. पण त्याने पुढे विचारले, "मग वाघ आला कुठून, हे ठशावरून समजते का?" सर थोडे थांबले. "ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर मला कळवा."

मला ते पुढे भौतिकशास्त्र शिकवताना कळले. कळवायचे मात्र राहून गेले.

अनुराधा हे पिंपासारखे यंत्र होते आणि त्यात सीआर-३९ प्लास्टिकच्या चकत्यांची चळत होती. चष्म्याच्या काचा करतात तेच हे प्लास्टिक. कण आरपार गेला की वाटेवरचे प्लास्टिक दुबळे होते. यान ६ मे रोजी परतल्यावर या चकत्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवल्या. दुबळा भाग लवकर विरघळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूसारखे खळगे दिसू लागले. त्यांच्या आकारावरून कण कोणता आणि त्याची ऊर्जा किती, ते काढता आले. वरची चळत स्थिर आणि खालची हळूहळू फिरणारी होती. ठशाचे दोन तुकडे एकमेकांपासून किती सरकले यावरून कण कधी आला आणि तेव्हा यान पृथ्वीच्या कोणत्या भागावर होते, हे समजले.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर इथेच होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जास्त भाराच्या कणांना जास्त वळवते. दूर आकाशगंगेतून आलेल्या ऑक्सिजनचे आठही इलेक्ट्रॉन गेलेले असतात. पण अनुराधाला कमी ऊर्जेचे ऑक्सिजनचे ठसे मिळाले ते अशा अक्षांशांवर, जिथे तेवढ्याच वेगाचा आठ भारांचा कण पोहोचूच शकत नाही. म्हणजे त्याने एकच इलेक्ट्रॉन गमावला होता. ताऱ्यांमधल्या विरळ वायूचे अणू भाररहित अवस्थेत सूर्यमालेत शिरतात, इथे एक इलेक्ट्रॉन गमावतात आणि मग वेग घेतात, असा तर्क १९७४ साली मांडला गेला होता. या ठशांनी त्याला बळ दिले.

२८ जानेवारी १९८६ला तेच चॅलेंजर कोसळले. गेलेल्या सात जणांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्या आठवड्यात सरांनी आपल्याला काही शिकवले नाही. खिडकीशी उभे राहायचे.

२ सप्टेंबर २०२३ला निघालेल्या आपल्या आदित्य-एल१वर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने केलेले एक उपकरण आहे. तेही भारित कणच मोजते. १५ लाख किलोमीटरवरून त्याच्या नोंदी रेडिओ लहरींनी येतात, यान परतायची वाट बघावी लागत नाही. त्याचे नाव 'स्टेप्स'. म्हणजे पुन्हा पावलेच!

सर, मेळाव्याला तुम्ही पहिल्या रांगेत असाल. ठशावरून समजते, सर. वाघ कुठून आला तेही समजते. कळवायला उशीर झाला, एवढेच.